घाट कोणत्या बाजूने चढायचा? रविवारची चिखलदरा फेरी

प्रेषक: सहल समिती, मुक्काम परतवाडा

मंडळी,

टेम्पोवाल्याला आज रात्री नऊच्या आत पक्के सांगायचे आहे, म्हणून टी-शर्ट, वर्गणी वगैरे विषय तूर्त बाजूला ठेवून सर्वांनी एवढ्याच प्रश्नावर मत द्यावे. रविवारी सायकलीने धामणगाव गढीकडून चढून घटांगमार्गे परतवाड्याला उतरायचे, की उलट? समितीचे मत मागच्या वर्षीप्रमाणेच आहे. धामणगाव गढीकडचा घाट आखूड आणि उभा आहे, तो सकाळी ताज्या पायांनी चढावा. घटांगचा रस्ता लांब असला तरी त्याचा उतार सौम्य आहे, म्हणून तो परतीला ठेवावा. टेम्पो एकच आहे आणि सामान, सुटे भाग व थकलेले सभासद हे सगळे त्यातच मावायचे आहे, त्यामुळे तो एका वेळी एकाच घाटात असेल, हे ध्यानात घेऊन उत्तर द्यावे.

प्रेषक: अचलपूरच्या वहिनी

समितीच्या क्रमाला माझा विरोध आहे आणि तो मी मागच्या वर्षीही नोंदवला होता. घटांगवरून खाली येणारा रस्ता म्हणजे धारणीचा हमरस्ता आहे. मध्य प्रदेशाकडे जाणारे-येणारे ट्रक आणि एसटी गाड्या त्याच रस्त्याने धावतात, आणि आपण तिथे पोचणार ते दुपार कलल्यावर. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या आड गेलेल्या वळणांवर त्याच्या कितीतरी आधी अंधारून येते. ऊन तिरपे झाले की सागाच्या खोडांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पट्ट्यांनी पडतात आणि त्या पट्ट्यांत खड्डा दिसतच नाही. त्यावर ताटाएवढी वाळकी पाने पडलेली असतात. त्यांच्याखाली डांबर आहे की सुटी गिट्टी, हे पुढचे चाक तिथे पोचल्यावरच कळते. मोबाइलला या पट्ट्यात भरवशाची रेंज नसते, म्हणजे कोणी पडले तर मागच्या माणसाला ते पाहिल्याशिवाय समजणार नाही.

माझी सूचना अशी की पहाटे परतवाडा सोडून घटांगमार्गे चढावे, जंगलाचा भाग सकाळच्या स्वच्छ उजेडात पार करावा आणि दुपारी धामणगाव गढीकडे उतरावे. ही बाजू दक्षिणेकडे उघडी असल्यामुळे हिवाळ्यात तिथे शेवटपर्यंत ऊन असते.

प्रेषक: धामणगाव गढीचे काका

वहिनींनी उजेडाबद्दल लिहिले ते बरोबर आहे, परंतु आमच्या बाजूचा घाट उतरण्यासाठी सुचवताना ब्रेकचा विचार केलेला दिसत नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे आणि पायथ्याचा मुलूख साधारण पावणेचारशे मीटरवर, म्हणजे सातशे मीटरहून अधिक उंची आपण उतरतो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले, तर सातशे मीटर खाली येताना सुमारे साडेपाच लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. मोकळ्या, सौम्य उतारावर तिचा बराच भाग हवा खाऊन टाकते. उभ्या उतारावर वळणामागे वळण आले की वेग वाढूच देता येत नाही आणि जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. माझे शेत पायथ्याशी असल्यामुळे मी हे रविवारी पाहत असतो. एका मुलाने वरपासून खालपर्यंत ब्रेक दाबून धरला होता. आमच्या बांधाजवळ त्याची ट्यूब फुटली आणि चाक उचलायला गेलो तेव्हा रिमचा चटका माझ्या बोटांना बसला. नशिबाने तो सपाटीवर आलेला होता. ज्यांच्या सायकलींना डिस्क ब्रेक नाहीत, म्हणजे ब्रेक थेट रिमलाच घासतो, आणि विशेषतः ज्यांच्या रिम कार्बनच्या आहेत, त्यांनी या बाजूने उतरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे असे की रविवारी पर्यटकांच्या गाड्या याच घाटाने वर येतात आणि वळणावर आपली बाजू सोडून येतात. सकाळी आठच्या आत आपण घाटाला लागलो, तर चढताना त्यांचा त्रास कमी होतो. दुपारी खाली उतरताना मात्र त्याच गाड्या समोरून अंगावर येतात.

प्रेषक: अकोटचे भाऊ

दरवेळी चिखलदराच का, हा प्रश्न मी समितीपुढे पुन्हा ठेवतो. गाविलगडच्या डोंगररांगेतून दक्षिणेला उतरणारी जवळजवळ प्रत्येक नदी जिथे खोरे सोडून सपाटीवर येते, तिथे धरण झाले आहे. पश्चिमेला वारीजवळ वान, मग पोपटखेड, शहानूर, चंद्रभागा, परतवाड्याजवळ सापन आणि पुढे विश्रोळीला पूर्णा. पायथ्यापायथ्याने गेले, तर डाव्या हाताला डोंगर ठेवून एका जलाशयावरून दुसऱ्यावर जाता येते. घाटाची भीती नाही, ब्रेकचा वाद नाही, आणि नवशिक्या सभासदांनाही पूर्ण अंतर स्वतःच्या पायांनी कापल्याचे समाधान मिळते. डोंगराच्या उत्तरेकडच्या सिपना, गडगा, खापरा या नद्या सरळ तापीला मिळतात आणि या दक्षिणेकडच्या नद्या पूर्णेतून फिरून शेवटी चांगदेवाजवळ तापीलाच जातात. पाण्याची ही विभागणी डोंगराखालून जितकी नीट समजते, तितकी वरून समजत नाही. अकोट-तेल्हारा भागाला मंडळाच्या सहलीत आजवर जागा मिळालेली नाही, हेही नमूद करावेसे वाटते.

प्रेषक: दर्यापूरचे सभासद

अकोटच्या भाऊंची वाट नकाशावर देखणी आहे, पण त्यांनी रस्त्याखालच्या मातीचा विचार करावा. डोंगरात रस्त्याखाली काळा पाषाण असतो, म्हणून पावसाळ्यानंतरही घाटातले डांबर बऱ्यापैकी शाबूत राहते. खाली आपली काळी कसदार जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता दरवर्षी कडेने खचतो आणि मध्ये लाटा उठतात. २५ मिलिमीटरच्या टायरवर असे अंतर दिवसभर काटले की मनगटे बधिर होतात. त्यात डिसेंबर म्हणजे कापसाच्या गाड्यांचे दिवस. ट्रॅक्टरची ट्रॉली समोरून आली की साइडपट्टीवर उतरावेच लागते आणि तिथे बाभळीचे काटे व सराटे पसरलेले असतात. त्या रस्त्याला किमान ३२ मिलिमीटरचे टायर हवेत आणि प्रत्येकाजवळ दोन ट्यूब हव्यात.

पाण्याचेही सांगतो. डोंगराच्या पायथ्यापासून थोडे दक्षिणेला सरकले की खारपाणपट्टा सुरू होतो. तिथल्या विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी परक्या माणसाने सायकल चालवताना पिऊ नये. तहान भागत नाही आणि पोट बिघडते. आमच्याकडे नळाला शहानूर धरणाचे पाणी येते म्हणून निभते. जी मंडळी बाहेरदेशी बाटली कुठेही भरून घेण्याला सरावली आहेत, त्यांना हे आधीच सांगितलेले बरे.

प्रेषक: अकोटचे भाऊ

मी पायथ्याची वाट म्हटली आहे, खारपाणपट्ट्याची नव्हे. पोपटखेडपर्यंत पाणी गोडच आहे. बाकी टायरबद्दलची सूचना मान्य आहे.

प्रेषक: ग्रंथालय समिती

घाटाच्या दिशेचा वाद चालूच आहे म्हणून एक ऐतिहासिक बाब नोंदवतो. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगडाला वेढा दिला, तेव्हा त्यांच्या जड तोफा दक्षिणेच्या कड्याने वर नेणे शक्य नव्हते. त्या डोंगरातून वळसा घालून, वाट तयार करत, माणसांच्या हातांनी ओढत लबाडा गावाकडून उत्तरेच्या बाजूला नेल्या गेल्या आणि १५ डिसेंबरला किल्ला त्या बाजूने पडला. दक्षिणेची बाजू उभी आणि आतली बाजू वळशाची, हा या डोंगराचा स्वभावच आहे. त्यामुळे उभ्या बाजूने उतरण्यापेक्षा तिने चढणे बरे, या काकांच्या मताला मी दुजोरा देतो.

प्रेषक: अचलपूरच्या वहिनी

काकांचा ब्रेकचा मुद्दा मला पटला, पण त्यामुळे माझा उजेडाचा मुद्दा सुटत नाही. काकांचाच आकडा घेऊन वेळ मोजू या. साडेपाच लाख ज्यूल खाली येताना जिरवायचे, तेवढेच वर जाताना कमवायचे. आपल्यातला साधारण सभासद सतत १०० वॉट काढू शकतो असे धरले, तर नुसती उंची गाठायलाच दीड तास लागतो, आणि टायरचे घर्षण, थांबे, फोटो, चहा हे वेगळे. ज्यांच्या सायकलीला पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांचे चक्र आहे, ते पायडलच्या मिनिटाला ७० फेऱ्या मारून ताशी जेमतेम नऊ किलोमीटर जातील. मागे २८ दात्यांवरच थांबणाऱ्यांना पायडल जड जाईल आणि त्यांचे गुडघे संध्याकाळी बोलतील. ब्रेव्हेवाल्या, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला गाठायच्या सायकल फेऱ्या करणाऱ्या मुलांनी आपला हिशेब सगळ्यांना लावू नये. २०० किलोमीटरला साडेतेरा तास हे सपाटीचा सराव असलेल्यांचे गणित आहे आणि आपल्या गटात साठी उलटलेले सभासदही आहेत.

म्हणून दिशा समितीची राहू द्यावी, परंतु वेळा माझ्या असाव्यात. परतवाड्याहून सूर्योदयाआधी, सव्वासहाला, दिवे लावून निघावे. वर मोथ्याला खव्यासाठी थांबायचे असेल तर पंधरा मिनिटांवर थांबू नये, कारण तिथे एकदा बैठक बसली की अर्धा गट उठत नाही. दुपारी एकला चिखलदरा सोडावेच. जे तोपर्यंत वर पोचलेले नसतील, त्यांनी सायकल टेम्पोत चढवावी आणि त्यात कोणी कमीपणा मानू नये.

प्रेषक: सहल समिती, मुक्काम परतवाडा

वहिनींच्या वेळा समितीला मान्य आहेत. टेम्पोवाल्याशी आत्ताच बोलणे झाले. रविवारी चढ धामणगाव गढीकडून, उतार घटांगमार्गे. टेम्पो चढताना शेवटच्या सायकलीमागे राहील आणि एक वाजता चिखलदऱ्याहून सर्वांच्या पुढे निघून घटांगच्या फाट्यावर थांबेल. फाट्यावर प्रत्येकाने थांबून नाव नोंदवायचे. शेवटचे नाव लागल्याशिवाय पहिल्याने खालचा उतार सुरू करायचा नाही. तिथून परतवाड्यापर्यंत चार-चारच्या गटांनी, मागचा लाल दिवा लावून उतरायचे. साडेतीननंतर फाट्यावर पोचणाऱ्यांना पुढे सायकलीने सोडले जाणार नाही. वनखात्याच्या नाक्यावर शनिवारी समितीचा माणूस स्वतः जाऊन परवानगीची चौकशी करील. जंगलाच्या भागात रस्ता सोडून कोणीही आत जाऊ नये आणि माकडांना काही खायला घालू नये.

पायथ्याच्या धरणांच्या फेरीसाठी अकोटच्या भाऊंनी पोपटखेड ते शहानूर एवढाच टप्पा स्वतः पाहून रस्त्याची आजची स्थिती कळवावी. पुढच्या गुरुवारी टेम्पो मोकळा आहे.

प्रेषक: धामणगाव गढीचे काका

निर्णय योग्य झाला. टेम्पो घटांगला पुढे गेला की चिखलदरा ते घटांग या पट्ट्यात मागे कोणीच उरत नाही, म्हणून माझी जीप तिथे शेवटच्या सायकलीमागे ठेवतो. जीपमध्ये दोन सायकली आणि तीन माणसे बसतील. हवा भरायचा उभा पंप मात्र कोणीतरी आणावा, माझा मागच्या सहलीपासून मंडळाकडेच आहे.

प्रेषक: अकोटचे भाऊ

पंप माझ्याकडे आहे. रविवारी घेऊन येतो. शहानूरचा रस्ता शनिवारी पाहून कळवतो.