5 एचपीचा कॉम्प्रेसर घेतोय, वायरिंगचं काय करू?

मंडळी, उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. 2 एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर आता पार दमलाय. स्प्रे गन धरली की चार मिनिटांत प्रेशर 6 बारवरून 3 वर, मग टाकी भरेपर्यंत चहा मारत बसायचं! 5 एचपीचा थ्री फेज सेकंडहँड मिळतोय, बोलून ठेवलाय.

शेडमध्ये थ्री फेज मीटर आहे, पण कॉम्प्रेसरच्या कोपऱ्यापर्यंतची 25 मीटर लाइन जुनी, सिंगल फेजची. परवा सॉकेट उघडलं तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला, प्लास्टिक पिवळं पडून वितळलेलं. बघूनच घाम फुटला.

5 एचपी म्हणजे 3.7 किलोवॅट, 415 व्होल्टला साडेसात अँपिअरच्या आसपास. म्हणजे 2.5 स्क्वेअरची (चौरस मिमी) तांब्याची चार कोअर केबल पुरावी. एक वायरमन म्हणतो 4 स्क्वेअर टाका, दुसरा म्हणतो जुन्याच पाइपातनं अजून दोन वायरी ओढू. दुसऱ्याला वाटेला लावलं. डीओएल स्टार्टर (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा) चालेल की स्टार-डेल्टाच (आधी कमी व्होल्टेजवर सुरू करणारा) हवा? एमसीबी (जास्त करंट आला की पडणारा स्विच) सी कर्व्ह की मोटर सुरू होतानाचा झटका जास्त सोसणारा डी? सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर बंद करणारा) कुणी वेगळा लावलाय का? मंजूर लोड 5 किलोवॅटच आहे आणि वेल्डिंग मशीनही त्यावरच, तर महावितरणकडनं आधी लोड वाढवून घेऊ ना?