टायटॅनियमच्या गंडमला गंज चढतोच कसा?

चिरेबंदी (फोंडा)

चवथीच्या सुटीत आमच्या ओळखीतल्या किटवाल्यांनी आपापल्या कामांचे फोटो टाकले. विषय सगळ्यांचा एकच, लढाईत मार खाल्लेला गंडम, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतल्या महाकाय लढाऊ रोबोचं जोडायचं प्लास्टिकचं मॉडेल. हात उखडलेला, छातीला भोकं, अंगभर ओरखडे. मेहनत दिसते, त्याबद्दल वाद नाही. पण बहुतेकांनी तो घोट्यापासून खांद्यापर्यंत तांबूस गंजाने माखून ठेवलाय. हा गंज मालीम जेटीवरच्या ट्रॉलरचा आहे, गंडमचा नव्हे.

माझं म्हणणं एवढंच की घाव कोणी घातला, कशाने घातला आणि कुठे घातला हे आधी ठरवा. ब्रश नंतर.

१९७९ च्या मालिकेतला मूळ पांढरा गंडम, म्हणजे आरएक्स-७८-२, कथेत 'लूना टायटॅनियम' या मिश्रधातूचा आहे. मिश्रधातू काल्पनिक, पण टायटॅनियम खरंच आहे आणि ते समुद्राच्या पाण्यातही तांबडं पडत नाही. वर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच त्याला राखतो. शिवाय हा रोबो कथेतल्या ००७९ सालच्या सप्टेंबरात पहिल्यांदा उभा राहतो आणि वर्ष संपता संपता अवकाशातल्या शेवटच्या लढाईत मोडतो. गंजायला त्याला सवड कधी मिळाली? समोरचा हिरवा झाकू, म्हणजे शत्रूचा रोबो, मात्र पोलादी मिश्रधातूचा. त्याला हवा तेवढा गंजवा.

आता भोकं. यावर मला जास्त बोलायचंय. १/१४४ मापात अठरा मीटरचा रोबो साडेबारा सेंटीमीटरचा होतो. झाकूच्या मशीनगनचा गोळा १२० मिलीमीटरचा. १४४ ने भागा, जेमतेम ०.८ मिलीमीटर येतात. त्याच्या बझूकाचा गोळा २८० चा, तो साधारण २ मिलीमीटर. उलट गंडमच्या डोक्यातल्या तोफा ६० मिलीमीटरच्या, त्यांनी झाकूला पडणारं भोक अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही बारीक. आणि लोक सरळ तीनचं ड्रिल घालतात! तीन मिलीमीटर म्हणजे खऱ्या मापात ४३ सेंटीमीटर. जपानच्या यामातो युद्धनौकेच्या मुख्य तोफा ४६ सेंटीमीटरच्या होत्या. ती नौका तुमच्या झाकूने खांद्यावर घेतली होती काय?

भोकाची कड हा आणखी एक प्रकार. किटचं प्लास्टिक साधारण एक मिलीमीटर जाड असतं, म्हणजे १/१४४ मध्ये चौदा सेंटीमीटरचा पत्रा. आरपार ड्रिल केलं की ती जाड कड उघडी पडते आणि खेळणं उघडं पडतं. म्हणून भाग जोडायच्या आधी आतून तासायचा. उजेडापुढे धरला की प्रकाश झिरपायला लागेपर्यंत. मग बाहेरून सुई टोचली की कड आत वळते, फाटते, पत्र्यासारखी दिसते. बीम सेबरचा, म्हणजे गंडमच्या कथेतल्या तेजाच्या तलवारीचा घाव याहून वेगळा, तो वितळवून कापतो. तिथे तापवलेलं पातं हळू फिरवायचं आणि कडेला आलेला ओघळ तसाच ठेवायचा. काही जण तो घासून गुळगुळीत करतात. का, ते त्यांनाच ठाऊक.

रापणकार (म्हापसा)

चिरेबंदी बाब, गणित छान जमलंय. फक्त तुमचं ०.८ चं भोक मला शोकेसमधून दिसत नाही. टाचणी चुकून लागली असं वाटतं.

मी दरवर्षी दिवाळीला वाड्यावरच्या पोरांबरोबर नरकासुराचा पुतळा करतो. त्याचे दात मोजून कोणी बसवत नाही. रात्री, ट्यूबलाइटच्या उजेडात, रस्त्याच्या पलीकडून बघणाऱ्याला दिसले पाहिजेत म्हणून ते हातभर लांब असतात. बारा सेंटीमीटरच्या बाहुल्याचंही तेच. लहान वस्तूवर सावली पडतच नाही, ती रंगवावी लागते. म्हणून पत्र्यांच्या जोडांच्या (पॅनलच्या) रेघा काळ्या, कडा फिकट, आणि भोकं मापापेक्षा मोठी.

गंजाबद्दल बोलायचं तर पांढरा रंग एकटा ठेवला की मॉडेल आजच पेटीतून काढल्यासारखं वाटतं. तपकिरी त्याला वय देतो. मी खाली गंजाचा रंग मारतो, वार्निशने पक्का करतो, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर पाण्यात विरघळणारा अॅक्रिलिक पांढरा. वाळला की ओल्या ब्रशने घासायचं. खालचा हेअरस्प्रे पाण्याने सुटतो आणि पांढरा तुकड्यातुकड्याने निघतो. कधी त्याऐवजी आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ चिकटवतो आणि रंग दिल्यावर खरवडतो. ती गंमत तुमच्या टायटॅनियमसाठी सोडू?

सुको बांगडो

दोघांनाही एक आठवण. मालिकेच्या पहिल्याच भागात झाकूच्या गोळ्या गंडमच्या अंगावर आपटून वाया जातात. मग चिरेबंदींचं ०.८ चं भोक तरी कुठून आलं?

चिरेबंदी

तेच तर! मशीनगनने गंडमला भोक पडतच नाही, खळगा पडतो. गोल टोकाच्या कोरणीने उथळ खड्डा, मध्ये धातूचा ठिपका, भोवती उडालेला रंग. ०.८ हे त्या ठिपक्याचं माप समजा. भोकं झाकूसाठी. आरपार घाव गंडमवर दाखवायचे तर बीमचे दाखवा.

रापणकार, नरकासुर पहाटे जळतो. त्याला जवळून बघायला कोणी भिंग घेऊन येत नाही. किट माणूस हातात घेऊन फिरवतो.

निपर (मडगाव)

मला हे सगळंच पटत नाही. १९८० च्या जुलैत पहिलं गंडम किट आलं, ३०० येनला, १/१४४ मध्येच. त्याला गोंद लागायचा, रंग तर लागायचाच. त्यानंतर किटच्या नव्या श्रेणी आल्या, १९९० ला एचजी, १९९५ ला एमजी, २०१० ला आरजी. इतक्या वर्षांत कंपनीने रंगीत प्लास्टिक, गोंदाशिवाय बसणारे सांधे, वाकणारे गुडघे दिले. आणि तुम्ही हजार-दोन हजार मोजून घरी आणता आणि त्याला सोल्डरिंग आयर्नने डागता. भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात त्या रनरपासून कापल्याच्या खुणा (गेटच्या खुणा) नीट घासा, रेघा भरा, वरून मॅट वार्निशचा टॉपकोट मारा, ठेवून द्या. तेवढंही धड करणारे कमी आहेत.

रापणकार

निपरबाब, स्वच्छ मॉडेलं सगळ्यांची सारखी दिसतात. तुमचा आणि माझा गंडम शेजारी ठेवला तर तुमचा कुठला हे तुम्हाला तरी सांगता येईल?

निपर

येईल. ज्याच्या गेटच्या खुणा दिसत नाहीत, तो माझा.

सुरंगीचा वळेसर (डिचोली)

माझा मुलगा दहावीत आहे, तो हेच करतो. सासूबाईंचा धोशा, फुटकी वस्तू घरात ठेवू नये. मूर्तीला जरा टवका गेला तर आपण ती पुजत नाही, आणि हा नवीकोरी वस्तू मुद्दाम फोडतो. मला त्याचं काही नाही. मला वासाची काळजी आहे. बंद खोलीत प्लास्टिक वितळवतो. आणि कालच्या पावसात स्प्रे मारला तर सगळं मॉडेल पांढरं धुरकट झालं, त्यावरून रडारड. त्याचं काय करायचं?

चिरेबंदी

ताई, वासाचं आधी. हे प्लास्टिक पॉलिस्टायरीन आहे, डागलं की त्यातून स्टायरीनचा धूर निघतो. खिडकी उघडी, पंखा पाठीमागून बाहेर फेकणारा आणि सेंद्रिय वाफांसाठीचा मास्क. कापडी मास्कचा उपयोग नाही. लहान भोकांना उष्णता लागतच नाही, सुई आणि हातड्रिल पुरतं.

धुरकटपणा आपल्याकडे जून ते सप्टेंबर ठरलेलाच. स्प्रेतलं द्रावण झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर थिजते. तीच ओल वार्निशमध्ये अडकून पांढरी दिसते. भाग फेकू नका. कोरडा दिवस बघून ग्लॉसचा पातळ हात मारला तर बहुधा धूसरपणा जातो, मग वरून मॅट. डबा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला तर फवारा बारीक पडतो. कोमट म्हणतोय, उकळता नाही, आणि गॅसवर तर मुळीच नाही. मला विचाराल तर पावसाळ्यात कापायचं, तासायचं, जोडायचं, आणि टॉपकोट दिवाळीनंतर.

सासूबाईंना सांगा, फुटलेला नाही, जखमी आहे.

सुको बांगडो

मुलाला आणखी एक सांगा. इनॅमलचा थिनर उघड्या प्लास्टिकवर सोडायचा नाही. सांध्यात झिरपतो आणि ताणाखालचा भाग तडकतो, एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचा तर हमखास. आधी ग्लॉस कोट, मग वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग. नको तिथली लढाई होते नाहीतर.

शेजारी दाबोळी

गंज की गंज नाही, यावर भांडण्यापेक्षा बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात एक चक्कर मारा. १९९८ पासून आहे. सी हॅरियर, अलिझे, सी हॉक, सगळी उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात उभी. विमानाचा पत्रा अॅल्युमिनियमचा, तो तांबडा होत नाही. मग जुनेपण दिसतं कुठे? रंग उडून खडूसारखा झालेला. वरून उन्हाने फिका, पोटाखाली गडद. पोलादी स्क्रूच्या डोक्याभोवतीच काय तो तपकिरी डाग, आणि तिथून खाली गेलेला ओघळ. चिरेबंदींना हवा असलेला पुरावा तिथे आहे, आणि रापणकारांना हवं तेवढं वयही.

सुको बांगडो

ओघळ खाली येतो कारण जमीन खाली आहे. अवकाशात खाली कुठे? मग गंडमच्या अंगावरच्या उभ्या रेघाही खोट्या. चिरेबंदी परवा मला म्हणाले की गंजाऐवजी बीमच्या घावाभोवती टायटॅनियम तापल्यावर येतो तसा पिवळा, जांभळा, निळा रंग द्यावा. तोही ऑक्साइडचाच थर ना? ऑक्सिजन कुठून आणला?

चिरेबंदी

हे मान्य केलं तर शेवटच्या लढाईतल्या गंडमला काळपट वितळलेली कड आणि उघडा धातू, एवढंच उरतं. मला चालेल. पृथ्वीवरच्या लढाया त्याने बऱ्याच केल्यात, जांभळा-निळा तिथल्या घावाला. म्हणूनच 'कुठे' हा प्रश्न मी पहिल्यापासून विचारतोय.

रापणकार

मग ऐका. तुम्ही ज्याला गंज म्हणताय ती माती आहे. सांखळीच्या खाणपट्ट्यातली, लाल. माझा गंडम तिथे उतरला.

चिरेबंदी

उतरू दे. पण माती पायाकडून चढते. घोट्याला दाट, गुडघ्यापर्यंत उडालेले शिंतोडे, मांडीच्या मागे थोडी. खांद्यावर ती कशी गेली? आणि रस्त्यावरची माती तशीच चिकटवली असशील तर ०.२ मिलीमीटरचा कण १/१४४ मध्ये तीन सेंटीमीटरचा धोंडा होतो. खलबत्त्यात कुटून पातळ मलमलीतून दोनदा गाळ.

रापणकार

खांद्यावर गेली कारण तो पडला. पडल्याशिवाय हात तुटेल कसा?

बरं, आता झाकू घेतलाय. २००० च्या पावसाळ्यात कांदोळीला रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस जहाज आठवतं का, कितीतरी वर्षं वाळूत कुजत पडलं होतं? तसा झाकू, कमरेपर्यंत वाळूत. पोलादी आहे. आता तरी गंजाला तुमची ना नाही ना?

चिरेबंदी

अजिबात नाही. फक्त भरतीची रेघ आधी आख. पोलाद सगळ्यात जास्त कुजतं ते कायम पाण्याखाली असलेल्या भागात नव्हे, तर रेघेच्या जरा वर, जिथे लाटांचे तुषार उडतात. तिथे मीठही आहे आणि हवाही. पापुद्रे तिथे दाखव. रेघेखाली शेवाळ आणि शिंपले, रेघेवरून लांब ओघळ, आणि डोक्यावर नुसता उडालेला हिरवा रंग.

रापणकार

रेघ छातीला घेतो. डोकं मात्र मी गंजवणारच.