आईसोबत आळंदी ते पंढरपूर पायी वारी, पहिलीच वेळ, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, यंदा आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पूर्ण वारी पायी करायचं ठरलंय, म्हणजे ठरवलंय आईने, मी आपली तिच्या मागे. आई ६४ वर्षांची, शुगर आहे पण गोळ्यांवर कंट्रोलमध्ये, गुडघे ठीक, रोज सकाळी तासभर चालते. मी चाळिशीतली, दिवसभर खुर्चीत बसून काम, त्यामुळे घरचे म्हणतायत की आईची नाही तुझीच काळजी आहे.

नेटवर शोधून झालं. एकतर वारीचा महिमा मिळतो नाहीतर दिवेघाटाचे ड्रोनचे फोटो. मला हे हवंय की रात्री झोपायचं कुठे, सकाळी 'जायचं' कुठे आणि पायाला फोड आला की करायचं काय.

आमच्या घरात कोणी माळकरी नाही, त्यामुळे दिंडीत नाव घालायचं म्हणजे नक्की कोणाला गाठायचं हेच कळत नाहीये, की दिंडी वगैरे नको आणि आपलं आपण चालून मुक्कामाच्या गावी लॉज बघायचा? भाऊ म्हणतोय मी गाडी घेऊन मागेमागे येतो, पण वाहतूक वळवलेली असते ना? बूट घ्यायचे की सँडल, पावसात सगळं भिजतंच म्हणे. आणि शुगरवाल्या माणसाने एवढं रोज चालताना काय सांभाळायचं.

शेवटचा प्रश्न आईसमोर विचारता येत नाही म्हणून इथे विचारते. मध्येच सोडावं लागलं तर कुठून परत फिरणं सोयीचं? तिच्यासमोर हे नाव जरी काढलं तरी चिडते.

'माऊली नेतात, काळजी करू नका' एवढंच लिहू नका प्लीज, ते घरी रोज ऐकतेय :)

प्रतिसाद १

ताई, बुटाचं नंतर, आधी दिंडी. ती नीट मिळाली की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. लॉजच्या भानगडीत पडू नका, एकतर मिळत नाही आणि मिळालाच तर तळापासून (पालखीचा मुक्काम असतो ते मैदान) इतका लांब की दिवसभर चालून आल्यावर परत चाला. भावाच्या गाडीचंही तेच, पालखी असते त्या दिवशी तो रस्ता गाड्यांना बंद, तो कुठल्या कुठे अडकून पडेल आणि तुम्ही फोन लावत बसाल.

माऊलींच्या पालखीच्या रथापुढे २७ दिंड्या असतात आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त. बहुतेक ठिकाणी भिशी असते, ठरलेली रक्कम भरायची आणि त्यात दोन वेळचं जेवण, चहा, राहुटीत म्हणजे तंबूत जागा, सामानाला ट्रक, पाण्याचा टँकर हे सगळं येतं. ओळख लागत नाही हो. तुमच्या जवळच्या विठ्ठल मंदिरात हरिपाठाला चार दिवस जाऊन बसा, वारीला जाणारं कोणीतरी निघतंच. फक्त पैसे भरायच्या आधी विचारा की बायका किती आहेत, त्यांना वेगळी राहुटी आहे का, शौचालयाची काय सोय, टँकर भरतात कुठे. यावर जे 'होईल की माऊली सगळं' म्हणतील तिथे आईंना नेऊ नका, भजन कितीही गोड असो.

पहाटे तीन-साडेतीनला उठायची तयारी ठेवा. त्यात भक्ती थोडी आणि शौचालय जास्त :D फिरती शौचालयं तळावर लावलेली असतात पण उजाडलं की रांग लागते आणि आत बघवत नाही, त्यामुळे अंधारातच टॉर्च घेऊन उरकायचं. आंघोळ टँकरच्या नळाशी, बायका एकमेकींना साडीचा आडोसा धरतात, पहिल्या दिवशी लाज वाटते, नंतर आपणच दुसऱ्यांसाठी साडी धरून उभ्या असतो. मग लगेच बॅग ट्रकमध्ये. रस्ता मोकळा असतो तोवर ट्रक पुढच्या मुक्कामाला निघतो, तो कोणासाठी थांबत नाही. बॅगेला जुन्या साडीचा भडक काठ बांधा कारण संध्याकाळी खाली उतरवतात तेव्हा सगळ्या काळ्या-निळ्या सारख्याच दिसतात, आणि आतले कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत घाला, ट्रकवर ताडपत्री असली तरी पाणी शिरतं.

अंगावर फक्त एक छोटी झोळी: पाणी, गोळ्या, रेनकोट, पॉवर बँक, सुटे पैसे. छत्री नको, गर्दीत लोकांच्या डोळ्यात जाते. आणि दोघींच्या गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव, फोन आणि दिंडी नंबर, नंबराच्या आधी 'रथापुढे' की 'रथामागे' ते ठळक लिहा. एकच नंबर दोन्हीकडे असतो, नुसता बारा नंबर म्हणालात तर लोक विचारणार पुढची की मागची, आणि तुम्ही उलट्या दिशेने चालत सुटाल. चुकामूक होतेच, गर्दीत नेटवर्क जातं. म्हणून आधीच ठरवा की शोधत फिरायचं नाही, सरळ तळावर आपल्या राहुटीत पोचायचं. वस्तू हरवली तर समाज आरतीला, म्हणजे मुक्कामाला पोचल्यावर तळावर सगळ्या दिंड्यांची मिळून होते त्या आरतीला जा. चोपदारांनी (सोहळ्याची शिस्त बघणारे) हातातला दंड वर केला की सगळे टाळ एका क्षणात बंद होतात आणि तेव्हा हरवल्या-सापडल्याचं पुकारतात. माझा चष्मा मला तिथे परत मिळालाय.

प्रतिसाद २

पायाचं मी सांगतो. वीस किलोमीटर एक दिवस कोणीही चालतं, दुसऱ्या दिवशी पहाटे तेच सुजलेले पाय बुटात घालणं हे खरं काम. त्यामुळे आत्तापासून रोज तासभर चालण्यापेक्षा शनिवार-रविवार लागोपाठ लांब चाला, आणि बागेत नाही, डांबरी रस्त्यावर, त्याच चपला-बुटात जे वारीत घालणार आहात. एखाद्या दिवशी मुद्दाम सॉक्स ओले करून चालून बघा, कुठे घासतं ते घराजवळच कळलेलं बरं. बूट अर्धा नंबर मोठा, कोराकरकरीत नको. मी स्वतः मागे पट्टा असलेल्या सँडलवाला आहे, लवकर वाळतात, पण सँडलमध्ये खडे जातात हेही खरं.

सकाळी निघताना बोटांच्या मध्ये, टाचेला आणि मांड्यांना (याबद्दल कोणी बोलत नाही पण निम्मी वारी मांड्या घासून बेजार असते) पेट्रोलियम जेली नाहीतर खोबरेल. बायकांनी आत गुडघ्यापर्यंतची सायकलिंग शॉर्ट घालावी असं आमची ही सांगते. कुठे चुरचुरायला लागलं की तिथल्या तिथे बसून चिकटपट्टी लावायची, विसाव्याला बघू म्हणायचं नाही, तोवर फोड आलेला असतो. आला तर वरची कातडी काढू नका. नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

प्रतिसाद ३

मी डॉक्टर आहे, पण डोस इथे सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारा आणि जायच्या आधी नक्की विचारा, कारण रोज एवढं चाललं की शुगर खाली येते आणि काही गोळ्यांनी ती जास्तच खाली जाऊ शकते.

एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक वर्षी पुणे ते सासवड हा टप्पा ज्येष्ठ वद्य एकादशीला येतो. म्हणजे सगळ्यात लांब चाल, त्यात दिवेघाटाचा चढ आणि पोटात उपास. आईंना त्या दिवशी निर्जळ वगैरे अजिबात करू देऊ नका. गोळी घेऊन उपास हा तर सरळ धोका आहे. उपास करायचाच असेल तर दर दीड-दोन तासांनी काहीतरी पोटात जायला हवं. घाम, हात थरथरणं, उगाच चिडचिड, बोलणं असंबद्ध असं काही दिसलं की आधी साखर द्या, मग बाजूला बसवा. साखरेची पुडी दोघींच्या झोळीत हवी, फक्त तुमच्या नको.

उरलेले दिवस उलटा त्रास, वाटेत जो तो हातात राजगिरा लाडू, केळी, चहा देतो आणि नाही म्हणवत नाही. घ्या आणि पुढे कोणालातरी द्या. पोट बिघडवतं ते बहुतेकदा पाणी. बाटलीत कुठलंही भरू नका आणि जलसंजीवनीची पाकिटं ठेवा.

पाय: रोज रात्री टॉर्च मारून आईंचे तळवे तुम्ही बघायचे, त्यांना विचारून नाही, बघून. शुगरमध्ये जखम बऱ्याचदा जाणवतच नाही. अनवाणी चालणं नाही, गरम पाण्याच्या बादलीत पाय नाही, आणि वर फोडाबद्दल लिहिलंय ते तुमच्यासाठी, आईंना फोड आला तर वाटेवरच्या आरोग्य पथकाकडे.

प्रतिसाद ४

देहूची पालखी बघितली का? यवत, बारामती, इंदापूर, अकलूज असा मार्ग आहे, दिवेघाट लागतच नाही, रोटीचा घाट आहे पण त्या मानाने सोपा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. देहूचं आईला विचारलं, "तुकोबांचा राग नाही पण बोलावणं माऊलींचं आलंय" म्हणाली, विषय संपला. एकादशीचं वाचून दाखवलं तेव्हा मात्र गप्प बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली शेंगदाण्याचे लाडू करून नेऊ. गुळाचे करणार होती, त्यावर घरात वाद चालू आहे.

परतीचं कोणीच लिहिलं नाही अजून.

प्रतिसाद १

लिहिते. सासवडला दोन रात्री मुक्काम असतो, तोच तुमचा निर्णयाचा दिवस. पुण्यातून घाट चढून आल्यावर आईंचे पाय, शुगर, झोप कशी आहे ते तिथे शांतपणे कळतं, आणि घरी परतायला पुणे जवळ. त्यापुढे जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही सगळी पुणे-मिरज लाईनवरची स्टेशनं आहेत, रस्ते बंद असले तरी रेल्वे आहे. लोणंद ते तरडगाव टप्पा छोटा, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण (वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माऊलींचा अश्व धावतो ते) त्याच वाटेवर, तेवढं तरी बघूनच ठरवा. फलटणला मोठं गाव, दवाखाने, एसटी सगळं आहे. फलटण पार केलंत की बाकीचं होतं बहुतेक.

आणि पूर्ण सोडायचंच असं नाही हो. एखादा दिवस आईंना दिंडीच्या गाडीत बसवून पुढच्या मुक्कामाला पाठवता येतं, खूप म्हाताऱ्या बायका जातात तशा. दिंडीप्रमुखांना आईंच्या शुगरचं आधीच सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी गाडीत जागेसाठी विनवण्या नकोत. भावाला सांगा गाडी मागेमागे आणण्यापेक्षा फोन चालू ठेवून घरी थांब, आणि यायचंच असेल तर सासवडला मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी ये, येताना कोरडे सॉक्स आण.

गुळाचेच करा लाडू, पण छोटे.