रांगत्या बाळकृष्णाचा चेहरा मोठ्या माणसासारखा का होतो?

शाडूवाला_बडोदा
दांडिया बाजारातल्या एका घरच्या गोकुळाष्टमीसाठी शाडूचा रांगता बाळकृष्ण करतोय. डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत 8 सेंमी. डोळे मोठे केले, गाल फुगवले, तरी बाळ वाटत नाही. नुकतीच दाढी केलेला ठेंगणा काका दिसतो. माणसाला बाळ गोंडस वाटतं ते नेमकं कशामुळे? मापं कशी धरायची?

मापटं
डोळ्यांचा आकार राहू द्या, आधी जागा तपासा. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात. बाळाच्या मध्यावर भुवया येतात आणि सगळा चेहरा खालच्या अर्ध्यात मावतो. तुमच्या 8 सेंमीत हनुवटीपासून 4 वर भुवया, 3 वर डोळे, 2 वर नाकाचा तळ, 1 वर खालचा ओठ. वरचे 4 सेंमी नुसतं कपाळ आणि टाळू. हे जास्त वाटेल, हात आखडू नका.

नाकाचं हाड उचलू नका, दोन डोळ्यांमध्ये जवळजवळ सपाटच ठेवा. हनुवटी किंचित मागे. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारी घडी कोरली असेल तर आधी ती पुसा, काका तिथूनच येतो. गालाचा फुगवटा डोळ्याखाली नको, तोंडाच्या बाजूला आणि खाली हवा. बाजूने बघा: डोकं मागेही भरपूर निघालेलं पाहिजे. समोरूनच काम करणारे हे हमखास विसरतात.

डोक्यासकट अंग डोक्याच्या साधारण सव्वाचार पट, म्हणजे उभं केलं तर 34 सेंमी. मोठा माणूस साडेसात पट असतो. मान जवळपास नाहीच. बोटांच्या मुळाशी हाडाचे उंचवटे न करता खळ्या करा.

बालविकास_वडोदरा
‘कशामुळे’चं उत्तर मापटं यांच्या मापांतच आहे. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक कोनराड लोरेन्झने 1943 मध्ये हीच लक्षणं एकत्र मांडली: मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, खाली बसलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय. ही लक्षणं दिसली की सांभाळण्याची ओढ जागी होते, असं त्याचं म्हणणं. माणसाचं पिल्लू कितीतरी काळ परावलंबी असतं, त्यामुळे ही ओढ असणाऱ्यांची मुलं जास्त जगली असणार.

प्रमाणं अशी होतात कारण मेंदू आणि डोळे आधी वाढतात, जबडा मागाहून. जन्मतः बुबुळासकट डोळ्याचा गोळा सुमारे 17 मिमी असतो, मोठेपणी 24. म्हणजे डोळा बराचसा आधीच तयार, आणि दात नसल्याने खालचा चेहरा आखूड. गालातली चरबी दूध ओढताना गाल आत खेचला जाऊ देत नाही.

2009 च्या एका प्रयोगात बाळांच्या फोटोंतली हीच मापं थोडी कमीजास्त केली. मूल नसलेल्या स्त्रियांनाही ‘जास्त बाळ’ केलेले चेहरे अधिक गोंडस वाटले, आणि ते पाहताना मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग अधिक चेतला. त्याआधी 2008 मध्ये दिसलं होतं की अनोळखी बाळाच्या चेहऱ्याला मेंदूचा पुढचा भाग सेकंदाच्या सातव्या हिश्श्यात प्रतिसाद देतो, मोठ्यांच्या चेहऱ्याला तसा देत नाही.

एक लक्षात ठेवा, नवजात बाळ सर्वांत गोंडस नसतं. लोकांना सहा महिन्यांच्या आसपासचं बाळ जास्त आवडतं. रांगणारं बाळ घेतलंत ते बरंच केलंत.

गालगुच्चा
मग सगळंच दुप्पट करून टाकू, असं मात्र करू नका. त्या फोटोंतले बदल खऱ्या बाळांत आढळणाऱ्या मर्यादेतच होते. पितळी लालजींना (देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला) लावतात तसले तयार मीनाकारीचे, म्हणजे धातूवर रंगीत मुलामा दिलेले, डोळेही इथे चिकटवू नका, त्यांत पांढरं फार दिसतं आणि बाळ दचकल्यासारखं वाटतं. बाळाच्या डोळ्यात काळा भाग जास्त भरतो.

गोंडसपणा जमला की बघणारा दातओठ खाऊन गाल ओढायला जातो. यावर 2015 मध्ये अभ्यास झालाय: भावना उतू जायला लागली की माणूस उलट्या भावनेने ती सावरत असावा, असा निष्कर्ष. तेव्हा मूर्ती हाताच्या पल्ल्याबाहेर ठेवा, रंग गालावरचाच आधी जातो!

शाडूवाला_बडोदा
भुवया मध्यावर घेतल्या, लगेच फरक पडला. पण आता एवढं डोकं पुढे झुकतंय, आणि चिकटवलेल्या एका गालाला कड सुटली.

मापटं
गाल सुकत आलेल्या मातीवर लावलात. ओली माती जास्त आकसते, सुकलेली कमी, म्हणून कड सुटते. तो काढा, जागेवर चरे पाडा, पाणी मारून ओलं फडकं तासभर ठेवा, मग पातळ केलेल्या शाडूने बसवा.

डोक्याला हनुवटीखाली मातीचाच टेकू द्या. मानेत खिळा घालू नका, माती आकसते, लोखंड आकसत नाही, मान तडकते. दाबल्यावर ठसा उठतो पण बोटाला चिकटत नाही, इतकं घट्ट झालं की टेकू काढा आणि डोकं खालून कोरून पोकळ करा, भिंत 1 सेंमी ठेवा. श्रावणातली हवा दमट असली तरी पंखा लावू नका. वरचा थर आधी सुकून पुन्हा भेगा पडतील.