'असेन्ट'ला काय म्हणावं: संमती, अनुमती की होकार?

प्रश्न
११ ते १५ वयाच्या मुलांच्या सोशल मीडिया वापरावर अभ्यास होणार आहे, त्याचे फॉर्म मी मराठीत करतेय. पालक देतात तो 'कन्सेन्ट', मूल देतं तो 'असेन्ट'. पहिल्याला 'संमती' रुळलाय. दुसऱ्याला मसुद्यात 'अनुमती' घातलंय, पण खटकतंय.

प्रतिसाद १
खटकणारच. विधेयकाला राष्ट्रपती देतात ती अनुमती. इथे सहावीतलं पोर मोठ्या माणसाला उत्तर देतंय. 'सहमती' चालेल? आणि कायद्याच्या भाषेत अल्पवयीनाला म्हणतात तो 'अज्ञान' तेवढा टाळा, मुलं भलताच अर्थ घेतील!

प्रतिसाद २
सहमती मतं जुळल्यावर होते. इथे मुलाची तयारी असली की पुरे. मी 'होकार' लिहीन, कारण त्याच्यामागोमाग 'नकार' आपोआप तोंडात येतो, आणि खरी मेख तिथेच आहे. पालकांनी सही केली तरी मूल 'नको' म्हणालं की थांबायचं. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं १२ वं कलम मुलाला आपलं मत मांडायचा हक्क देतं. तेव्हा 'मला भाग घ्यायचा नाही' ही चौकटही तेवढ्याच ठळक अक्षरात छापा. फॉर्म वर्गात बाईंसमोर भरून घेऊ नका. तिथे कोण नकार देणार?

पालकांच्या संमतीचा घोळ वेगळाच. अमेरिकेतल्या १९९८ च्या कायद्यामुळे बऱ्याच अ‍ॅप्सनी १३ वर्षांची अट घातली. त्याहून लहान मुलं खोटं वय टाकून आत शिरतात. घरी चिठ्ठी गेली की चोरून उघडलेलं खातं उघडं पडणार, म्हणून अशी मुलं अभ्यासाकडे फिरकतच नाहीत. उरतात ती घरच्यांना सगळं ठाऊक असलेली, आणि निष्कर्ष त्यांच्याकडे झुकतो.

प्रश्नकर्ती
'होकार' पक्का. आता हे वाक्य पाहा: 'तुझी माहिती निनावी आणि गुप्त राहील.'

प्रतिसाद ३
दोन्ही शब्द अंगाशी येतील. नाव गाळून कॉमेंट जशीच्या तशी छापली, तरी ती सर्चमध्ये टाकून खातं सापडू शकतं. २००८ मध्ये एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांची फेसबुकवरची माहिती संशोधकांनी नावं काढून खुली केली होती. कॉलेजचं नावही दिलं नव्हतं. तरी ते हार्वर्ड आहे हे लोकांनी चटकन ओळखलं. म्हणून 'तुझं नाव लिहिणार नाही, तुझी वाक्यंही जशीच्या तशी छापणार नाही' असं लिहा. लांबतं, लांबू दे.

'गुप्त'चंही तेच. कुणी मोठा माणूस फोटो मागतोय असं मुलाने सांगितलं, तर गप्प बसता येत नाही. 'तुला धोका आहे असं वाटलं तर मला ते मदत करणाऱ्या मोठ्या माणसाला सांगावं लागेल' हे बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांगा.

प्रश्नकर्ती
आणि स्क्रीनशॉट? त्यात मित्रांचे मेसेज असतात, त्यांचा होकार कुणी घेतलाय?

प्रतिसाद २
कुणीच नाही. मागूच नका. फोन मुलाच्याच हातात राहू दे, आणि त्याला स्वतःपुरतं सांगू दे.