निसर्गाचं चक्र म्हणे! मग गोव्यात आमची बाव (विहीर) शिगम्यालाच, होळीच्या सुमारासच, का आटते?

सत्तरीची बाव: काल इथे एकाने लिहिलं, "पाणी कमी-जास्त होणं हे निसर्गाचं चक्र आहे. एल निनो येतो, जातो. माणसाने उगाच स्वतःला दोष देऊ नये." खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. रात्री झोप लागेना म्हणून लिहितोय.

एल निनो मान्य, तिकडे प्रशांत महासागर तापला की इथला पाऊस लांबतो. २०२३ चा जून विसरलो नाही, मृग लागला तरी आभाळ कोरडं. पण एरवी पाऊस काही पळून गेलेला नाही, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतोच. आज्याच्या वेळी कुळागराची (पोफळीच्या बागेची) बाव मे सरेपर्यंत पुरायची, आता शिगम्याला तळ दिसतो. वरचं रान तोडून रबर लावलं, खाली तीन बोअरवेली मारल्या. पाणी मुरायला थांबेल कुठे? व्हाळातून (ओढ्यातून) म्हादई नदीत, तिथून थेट पणजीला. आमच्या बसच्या आधी पोचतं.

भूगोलमास्तर: ती पोस्ट माझी, नाव घ्यायला लाजू नका. आपला जांभा दगड म्हणजे चाळण, पाणी धरत नाही. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत, आणि घाटमाथ्यावरून समुद्र हाकेच्या अंतरावर. पोर्तुगीज यायच्या आधीपासून हे असंच आहे. शिवाय हवा १ अंश तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते, म्हणून पडतो तेव्हा कोसळतो.

सत्तरीची बाव: आणि हवा तापवली कोणी, मास्तर?

भूगोलमास्तर: ते जगाचं झालं. मी तुमच्या बावीबद्दल बोलतोय.

डिचोलकार: जांभ्याचं राहू द्या, लोखंडाच्या खाणींचं बोला. खनिज भूजलाच्या खाली, म्हणून खंदक समुद्रसपाटीच्याही खाली गेले. झरे फुटले की पंप लावून रात्रंदिवस उपसा. खाणींशेजारच्या शिरगावच्या बावी कशा सुकल्या ते विचारा तिथल्या बायांना. शेतात लाल गाळ आला तो वेगळाच. आमच्या वाड्यावर मग खाणवाल्यांचाच टँकर यायचा. आमचंच पाणी, वर त्यांचे उपकार!

ट्रकवालो: आलात खाणींवर! २०१२ ला बंद, २०१८ ला परत बंद. तुमच्या बावी भरल्या असतील, आमचे हप्ते कोणी भरले? ट्रक दारात गंजला, पोराचं कॉलेज अर्ध्यावर सुटलं.

डिचोलकार: खोटं का बोलू, आमची भरली. दोन पावसांत. शेजारच्याची नाही भरली.

ट्रकवालो: बघा! मग त्याच्या बावीला पण खाणच कारण का? आणि त्याच खंदकांतलं पाणी उन्हाळ्यात नळाला घ्यायची वेळ येते, तेव्हा गप्प का बसता?

डिचोलकार: चोर घर लुटून गेला आणि कंदील विसरला, तर उजेडासाठी त्याच्या पाया पडायचं काय?

ट्रकवालो: चोर कोणाला म्हणतोस रे? घाम गाळून ट्रक चालवला मी.

बार्देसची बाय: तुमच्या खाणीतून बाहेर या जरा. आमच्या शेजारी व्हिला उठले, प्रत्येकाला पोहायचं तळं, मालक वर्षातून पंधरा दिवस येणार. उपसा एवढा की आमच्या बावीचं पाणी मे महिन्यात मचूळ लागतं. सासूबाई त्याच पाण्यात डाळ शिजवायच्या, आता शिजतच नाही.

पेडणेकार: सडे, डोंगरावरची ती सपाट पठारं, विसरू नका. तुमचा तो चाळणीसारखा जांभाच पाऊस पोटात घेऊन पायथ्याच्या झरींना सोडतो, मास्तर. मोप्याच्या सड्यावर विमानतळासाठी काँक्रीट ओतलं, आता मुरणार काय?

भूगोलमास्तर: बरं बाबांनो. पाऊस निसर्गाचा, मुरवणं आपलं, असं लिहितो. झालं समाधान? पण जुलै २०२१ चा पूर तरी व्हिलावाल्यांनी आणला म्हणू नका.

सत्तरीची बाव: त्या पुरात आमच्या घरात कंबरभर पाणी. मार्चात त्याच घरात टँकर. हे चक्र तुमच्या पुस्तकात आहे का?

बार्देसची बाय: टँकरवरून आठवलं, कोणाकडे नंबर आहे का? आमचा नेहमीचा उचलत नाही.

ट्रकवालो: मला निरोप टाका, बाय. ट्रक विकून टँकरच घेतलाय मी.

डिचोलकार: भरतोस कुठल्या बावीतून, ते आधी सांग.