बाळाचं अंग लाल झालं की तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

आमच्या पिल्लाची कातडी पहिल्यापासून नाजूक. गळ्याच्या वळ्यांत लाल, गालांवर खरखरीत, आणि डायपर काढला की जांघेत आणखी निराळंच काहीतरी. उपाय घरात माणसागणिक आहेत. साबांची (सासूबाईंची) साय-हळद, आईचं खोबरेल, शेजारच्या काकूंची पावडर, नणंदेने पाठवलेली ट्यूब. सगळं एकदम लावलं तर बाळ लोणच्यासारखं मुरेल!

म्हणून हा धागा. विनंती एवढीच की नुसतं "अमुक लावा, गुण येईल" असं लिहू नका. पुरळ कुठे उठलं, कोणत्या मोसमात, दिसायला कसं होतं आणि कशाने बसलं तेही सांगा, म्हणजे ज्याचं त्याला ताडून बघता येईल. डॉक्टरांनी दिलेल्या औषधांची ब्रँडनावं टाळू या.

अकोलेकर बाबा
आमच्याकडे मे महिना म्हणजे काय ते सांगायला नको. लेकीच्या मानेवर, पाठीवर आणि काखेत बारीक लाल पुटकुळ्या. घामोळ्याच. घाम बाहेर पडायची वाट बुजते आणि तो कातडीतच अडकतो, म्हणून त्या उठतात. त्यावर तेल किंवा जाड क्रीम थापलं की वाट आणखी बुजते. आम्ही तेल बंद केलं, अंगात फक्त पातळ मलमलचं झबलं, दुपारी साध्या पाण्याने अंग पुसून वळ्या टिपून कोरड्या करायच्या. बस.

कूलरवाल्यांसाठी एक सांगतो. कूलर लावून खिडक्या गच्च बंद केल्या की खोली दमट होते आणि घामोळ्या जास्तच फुलतात. समोरची खिडकी बोटभर तरी उघडी पाहिजे. आणि बाळाच्या पाठीखालचं रबरी कापड काढा. त्याच्यावर दुपटं असलं तरी पाठ घामेजतेच.

पावडर_नको
बाबांना +१. पावडरीचा भुगा बाळाच्या नाकातोंडात जातो आणि घामात मिसळून वळीत त्याचा लगदा बसतो, तो काढताना कातडी सोलते ते वेगळंच. मोठ्यांची घामोळ्यांची थंडगार पावडर तर अजिबात नको. डब्यावर बोरिक अ‍ॅसिड लिहिलेलं असेल तर ती लहान बाळाच्या सोललेल्या कातडीवर घातक ठरू शकते.

दापोलीची माहेरवाशीण
जांघेचं मी सांगते. बाळंतपण भर पावसाळ्यात, कपडे वाळायचं नाव नाही. लंगोट हाताला कोरडे वाटायचे, पण गालाला लावून बघितलं की दमट. तेव्हापासून लंगोट इस्त्री करूनच घडी घालायचे. शिवाय साबण नीट निघेपर्यंत खळबळायचे, सुगंधी कंडिशनर नाही.

रात्री डायपर असायचा. त्याचं पुरळ कुल्ल्यांच्या फुगीर भागावर, म्हणजे जिथे ओलं घासतं तिथे होतं. जांघेच्या घडीत कातडी स्वच्छ होती. आमच्या डॉक्टरांनी तेच आधी पाहिलं. घडी अशी स्वच्छ असेल तर बहुतेक शी-शूने कातडी पोळलेली असते. घडीच्या आत लालभडक आणि कडेने सुटे सुटे लाल ठिपके असतील तर बुरशीचा संशय. मग नुसत्या क्रीमने भागत नाही, बुरशीचं मलम लागतं.

आमचं पहिल्या प्रकारचं होतं. वाइप्स बंद, कोमट पाणी आणि कापूस. पुसायचं नाही, टिपायचं. मग उघडं ठेवायचं, घरात शू झाली तर झाली. त्यावर झिंक ऑक्साइडचं क्रीम, तेही पुरणपोळीवर तूप लावतो तसं पातळ नाही, चांगला जाड थर. खरी मेख पुढे आहे. पुढच्या वेळी तो पांढरा थर खरवडून काढायचा नाही. वरची घाण तेवढी टिपून घ्यायची आणि त्याच्यावरच नवा हात फिरवायचा. सगळं घासून काढायच्या नादात बायका नवी कातडी रोज सोलतात.

जुना_लंगोट
माहेरवाशीणताई, मस्त लिहिलंत. पहिल्या मुलाचे कपडे दुसऱ्यासाठी ठेवलेले असतील तर त्यात डांबरगोळ्या घालू नका. घातल्याच असतील तर ते कपडे बाळाला नकोतच. जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ चढते. पुरळाशी थेट संबंध नाही, पण कपड्यांचा विषय निघालाच आहे म्हणून.

कोथरूडची मावशी
ट्यूबबद्दल मला बोलायचंच होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने भाचीसाठी न विचारता एक ट्यूब हातात ठेवली. दोन दिवसांत कातडी काचेसारखी स्वच्छ, सगळे खूश. थांबवलं की दुप्पट. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि वर जोरकस स्टेरॉइड असं त्रिकूट होतं. डायपरखाली झाकलेल्या जागेत स्टेरॉइड जास्त शोषलं जातं, आणि बाळाची कातडी आधीच पातळ. नणंदेच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. नावाच्या शेवटी "सोन" किंवा "सोल" असलेला घटक दिसला की आधी डॉक्टरांना विचारा.

मिनेसोटातून
कोथरूडच्या मावशींशी सहमत, पण स्टेरॉइडचा बागुलबुवाही करू नका. आमच्या लेकाला एक्झिमा, म्हणजे कातडी कोरडी पडून लाल होते आणि खाजते तो आजार. सुरुवात गालांवरून, मग कोपरांच्या बाहेरच्या बाजूला, आणि चालायला लागल्यावर गुडघ्यांच्या मागे. इथे सहा महिने हीटर, हवा इतकी कोरडी की आमचेच ओठ फुटतात. रात्री तो चादरीला गाल घासायचा, उशीवर रक्ताचे बारीक ठिपके.

कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं की याची कातडी पाणी धरून ठेवत नाही. म्हणून आंघोळ कोमट, पाच-दहा मिनिटं, साबणाऐवजी बिनवासाचं सौम्य क्लीन्झर, तेही लागेल तिथेच. बाहेर काढून टॉवेलने टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. पातळ लोशन नव्हे, घट्ट क्रीम किंवा पेट्रोलियम जेली. भडका उडाला की लाल चट्ट्यांवर सौम्य स्टेरॉइड, सांगितलं तितकेच दिवस. भीतीपोटी थेंबभर लावलं की बरं होत नाही आणि महिनाभर चालू राहतं.

फार पेटलं तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून ओल्या कपड्याचा उपाय केला. औषध, त्यावर मॉइश्चरायझर, मग कोमट पाण्यात पिळलेलं सुती झबलं आणि वर कोरडं झबलं. त्या रात्री तो झोपला, आम्हीही. मात्र हे मनाने करू नका. कातडी पिकलेली असेल तर अजिबात नको.

भारतातून फोन यायचे की अंडं बंद कर, दूध बंद कर, वांगं तू खाऊ नकोस. आमच्या डॉक्टरांनी उलट सांगितलं. २०१५ साली लंडनच्या लीप अभ्यासात दिसलं की एक्झिमा असलेल्या बाळांना शेंगदाणा लवकर आणि नियमित दिला तर त्याची अ‍ॅलर्जी पुढे होण्याचं प्रमाण कमी होतं. (अख्खा दाणा नव्हे, घशात अडकतो. आणि एक्झिमा तीव्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.) कारण नसताना आईचं आणि बाळाचं ताट रिकामं करू नका.

साताऱ्याची आजी
तुम्ही सगळी शिकलेली मुलं, छान लिहिता. मी पाच नातवंडांना न्हाऊमाखू घातलंय. तेल लावावं, पण मोहरीचं नको, झोंबतं. खोबरेल बरं. डाळीचं पीठ मात्र दोन महिन्यांच्या आत कशाला? लव काढायची म्हणून पिठाच्या गोळ्या अंगावर रगडतात, लेकरू टाहो फोडतं आणि बाई म्हणते रंग उजळतोय. रंग कसला उजळतोय, कातडं सोलतंय. धुरीनेही कोरड्या अंगाची खाज वाढते, आमच्या धाकटीला वाढली होती.

पावडर_नको
आजी, तुम्हाला साष्टांग नमस्कार. हा प्रतिसाद प्रिंट काढून साबांच्या देवघरात लावते.

नवी आई, नाशिक
आमच्या बाळाला जन्मानंतर दुसऱ्या दिवशी अंगभर लाल चट्टे आणि मधोमध पिवळट टिपके आले. सगळे म्हणाले उष्णता, तू तिखट खाल्लंस. डॉक्टरांनी बघितलं, बाळ दूध पितंय ना विचारलं आणि काही लावू नका म्हणाले. धडधाकट नवजातांमध्ये हे फार दिसतं. आठवड्याभरात आपोआप गेलं. तिखटाला क्लीन चिट!

पाळणाघरवाली
एक राहिलंच. रात्री खाज वाढत असेल, तळहात-तळपायांवरही पुटकुळ्या असतील आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल तर ती खरूज असू शकते. तिला कडुनिंबाचं पाणी पुरत नाही. डॉक्टरांनी दिलेलं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसली तरी. कपडे आणि चादरी गरम पाण्यात. साधारण आठवड्याने पुन्हा लावायला सांगतात. औषध लागू पडलं तरी खाज काही आठवडे रेंगाळते, म्हणून घाबरून मलम रोज लावू नका.

वॉर्डातली सिस्टर
पुरळ आणि ताप एकत्र, बाळ मलूल, दूध ओढत नाही, किंवा महिन्याच्या आतल्या बाळाला पाण्याचे फोड असतील तर हा धागा बंद करा आणि निघा. लाल-जांभळे ठिपके काचेचा पेला दाबूनही फिके पडत नसतील तर रात्र असो वा दिवस, थेट हॉस्पिटल.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांकडे जाऊन आले. गळ्याखालच्या घामोळ्या, गालांवरचा एक्झिमा, जांघेत बुरशी. तीन जागा, तीन गोष्टी. नणंदेच्या ट्यूबमध्ये मावशी म्हणतात तेच त्रिकूट निघालं, ती परत पाठवली. आता एकच शंका. आईने हौसेने लोकरीचं टोपरं आणि कुंची विणली आहे, थंडीत घालू का?

मिनेसोटातून
थेट अंगाला लोकर नको, टोचते आणि खाज वाढते. आत सुती झबलं, वर स्वेटर. टोपऱ्याला आणि कुंचीला आतून मलमलचं अस्तर लावून घ्या. कपाळावर आणि हनुवटीखाली शिवण येते ती बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगा.